उंदराच्या रोहिणीतील प्रवाह कसा मोजतात?

नळाखाली एक लिटरचे भांडे धरा आणि ते किती सेकंदांत भरते ते घड्याळात पाहा. त्यावरून नळाचा प्रवाह कळतो. रीत सोपी आहे. मग रक्ताचा प्रवाहही असाच का मोजू नये?

एके काळी तो असाच मोजीत. १८६७ मध्ये जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी त्यासाठी एक उपकरण तयार केले. प्राण्याची रोहिणी, म्हणजे हृदयाकडून अवयवांकडे रक्त नेणारी नलिका, कापायची, तिच्या दोन टोकांमध्ये उपकरण बसवायचे आणि काचेचा फुगा रक्ताने किती वेळात भरतो ते पाहायचे. मोठ्या प्राण्यात हे जमत असे. पण आज नव्या औषधांची पुष्कळशी तपासणी पांढऱ्या उंदरांवर होते. २५ ग्रॅम वजनाच्या उंदराच्या अंगात रक्त असते अवघे दीड ते दोन मिलिलिटर. चहाचा अर्धा चमचासुद्धा भरणार नाही! त्यातले थोडे जरी बाहेर काढले, तरी रक्तदाब घसरतो आणि प्रवाहच बदलतो. म्हणजे मोजण्यामुळेच मोजायची गोष्ट बिघडते. तेव्हा प्रवाह मोजायचा तो रक्त बाहेर न काढता. हे कसे साधते ते पाहू.

खाडीतील होडी

समजा, कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखालच्या खाडीत तुम्ही होडीत बसलात. ओहोटी लागली आहे आणि पाणी डोंबिवलीच्या दिशेने चालले आहे. पाण्याबरोबर ४ किलोमीटर जायला अर्धा तास लागला. तितकेच अंतर पाण्याविरुद्ध परत यायला एक तास लागला. वल्हवण्याचा जोर दोन्ही वेळा सारखाच होता. जाताना वेग ताशी ८ किलोमीटर, येताना ४. दोहोंतील फरकाचा निम्मा, म्हणजे ताशी २ किलोमीटर, हा पाण्याचा वेग. पाण्यात बोटही न बुडवता तो तुम्हांला कळला!

उंदराच्या बाबतीत होडीच्या जागी श्राव्यातीत ध्वनी असतो, म्हणजे आपल्या कानांना ऐकू न येणारा, फार उच्च वारंवारतेचा ध्वनी. उंदराला भूल देऊन छोट्या शस्त्रक्रियेने रोहिणी उघडी करतात आणि तिच्याभोवती एक चिमुकली पकड बसवतात. रोहिणी कापावी लागत नाही. ध्वनी एकदा रक्ताच्या दिशेने तिरका पाठवतात, एकदा उलट. दोन फेऱ्यांच्या वेळांत फरक पडतो तो सेकंदाच्या एक अब्जांश भागाहूनही कमी. तरी इलेक्ट्रॉनिक उपकरण तो टिपते आणि मिनिटाला किती मिलिलिटर रक्त वाहते ते सांगते.

ठाकुर्लीचा भोंगा

दुसरी रीत कळण्यासाठी ठाकुर्ली स्थानकावर चला. येथे जलद लोकल थांबत नाही. भोंगा वाजवीत गाडी जवळ येते तेव्हा त्याचा सूर चढा लागतो. ती पुढे निघून जाताच सूर एकदम उतरतो. १८४२ मध्ये ख्रिश्चन डॉप्लर यांनी सांगितलेला हाच तो परिणाम. रोहिणीतून धावणाऱ्या तांबड्या पेशींवर श्राव्यातीत ध्वनी सोडला, तर परावर्तित ध्वनीची वारंवारता बदललेली असते. बदल जितका मोठा, तितका रक्ताचा वेग अधिक. यात कातडीला छेदही द्यावा लागत नाही. फक्त केस काढतात, उंदराला भूल देतात आणि उबदार पट्टीवर निजवतात. शरीर थंड पडले, तर हृदय मंदावते आणि आकडा चुकतो.

पण येथे वेग मिळतो, प्रवाह नव्हे. वेगाला रोहिणीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणावे लागते. व्यास १ मिलिमीटर आणि सरासरी वेग सेकंदाला १५ सेंटिमीटर असेल, तर प्रवाह मिनिटाला सुमारे ७ मिलिलिटर येतो. आता व्यास चुकून १.१ मिलिमीटर वाचला असे समजा. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून व्यासातील १० टक्के चूक प्रवाहात २१ टक्के होते!

चूक कोणाला भोवते?

ही चूक केवळ कागदावर राहत नाही. आकडे बेभरवशाचे असले, की खात्रीसाठी आणखी उंदीर घ्यावे लागतात. उलट, छेद न देता मोजता आले, तर तोच उंदीर आज, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा तपासता येतो. दर वेळी नवा जीव लागत नाही. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरील प्रयोगांसाठी तीन सूत्रे मांडली : शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा, त्यांच्या यातना कमी करा. आपल्या देशातील १९६० च्या कायद्यातही अशा प्रयोगांवर देखरेखीची तरतूद आहे. काटेकोर मोजमाप ही नुसती हुशारी नव्हे. मुक्या जीवाशी बाळगलेला तो प्रामाणिकपणा आहे.

डॉप्लर तपासणी माणसांचीही होते. पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे का, हे डॉक्टर तिच्यावरून पाहतात.

आता एक गणित. रक्ताचा वेग तोच राहिला, पण रोहिणीचा व्यास निम्मा झाला, तर प्रवाह किती उरेल? निम्मा म्हणत असाल, तर व्यासाच्या वर्गाचे वाक्य पुन्हा एकदा वाचा!