बोका पडद्यावर आल्यानंतर

क्लाउडवर लिनक्सची मशीन घ्यायची, तिच्यावर जावा आणि टॉमकॅट चढवायचा, हे काम आता सिंदी मेघेतल्या भाड्याच्या खोलीत बसूनही तासाभरात उरकतं. पत्त्यापुढे ८०८० टाकलं, बोक्याचं चित्र असलेलं पान उघडलं, की सर्व्हर लागला असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं, की ते पान दिसावं म्हणून जी धडपड होते, तिच्यातच पुढच्या नुकसानीची सोय होऊन बसते. टॉमकॅट मुळात बराच बंदिस्त येतो. त्याला उघडा आपण करतो. आवृत्तीचंच घ्या. टॉमकॅट १० पासून ‘जावाएक्स’ची नावं जाऊन ‘जकार्ता’ आली. जुना प्रकल्प त्यावर टाकला, तर सर्व्हर धडधाकट असूनही ४०४ येतो. त्याला ९ ची मालिका लागते, एवढाच त्याचा अर्थ. पण हे लक्षात न आल्यामुळे लोक फोल्डरला ७७७ परवानगी देतात, सगळं रूटखाली चालवतात, सगळे पोर्ट उघडतात. दोष आवृत्तीत, आणि दुरुस्ती दाराच्या कड्या काढून!

सगळ्यात महागात पडते ती मॅनेजरची सोय. टॉमकॅटच्या या मॅनेजर पानावरून वॉर फाइल चढवता येते, म्हणजे ज्याच्या हाती त्याचा पासवर्ड, त्याला तुमच्या मशीनवर हवा तो कोड चालवता येतो. म्हणूनच टॉमकॅटमध्ये सुरुवातीला एकही वापरकर्ता नसतो, आणि मॅनेजरच्या कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये एक व्हॉल्व्ह असतो, जो फक्त त्याच मशीनवरून आलेली मागणी आत सोडतो. घरून पान उघडत नाही म्हणून हा व्हॉल्व्ह कॉमेंट करून टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नका. सगळाच दोष आपला, असंही मी म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये उघड झालेल्या ‘घोस्टकॅट’ दोषात ८००९ चं एजेपी दार टॉमकॅटनेच उघडं ठेवलेलं होतं. ते ९.०.३१ मध्ये बंद झालं. तेव्हा मालिका जुनी असली तरी तिची ताजी आवृत्तीच घ्यावी.

आपल्या कॉलेजच्या प्रकल्पावर कोण कशाला टपून बसेल, ही शंका नेहमी निघते. टपून कुणी बसत नाही, हे खरंच. पण आयपीव्ही४ चे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि मिशिगन विद्यापीठाच्या ‘झेडमॅप’ने २०१३ मध्येच दाखवून दिलं, की एका साध्या संगणकावरून एक पोर्ट सगळ्या जगभर पाऊण तासात तपासता येतो. तुमचं नाव माहीत असण्याची त्यात गरजच नाही. कुणालाही न सांगितलेल्या सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्येही मॅनेजरचं पान मागणाऱ्या अनोळखी पत्त्यांच्या ओळी दिसतात, त्या यामुळेच. मशीन हाती गेली की तिच्यावर नाणी खणली जातात, दुसऱ्यांवर हल्ले होतात, आणि खातं मात्र तुमच्या नावावर असतं.

कुठला पोर्ट कुणाला उघडा, हे ठरवणारा क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे, आणि तो नीट लिहिला तर पुष्कळ कामाचा आहे. पण तिथे ०.०.०.०/० लिहिलं तर ती परवानगी साऱ्या जगाला मिळते. आपल्या वर्धा जिल्ह्यात नुसतं ‘सिंदी’ लिहून भागत नाही. कंसात ‘रेल्वे’ की ‘मेघे’, यावर टपाल सेलू तालुक्यात जाणार की वर्ध्याला खेटून असलेल्या वस्तीत, हे ठरतं. इथे तिरक्या रेघेपुढचा आकडा तेच काम करतो: /३२ म्हणजे एकच पत्ता, /० म्हणजे झाडून सगळे. घरचा पत्ता वरचेवर बदलतो, ही अडचण खरी आहे. तिला उपाय म्हणजे एसएसएच टनेल. ८०८० बाहेर न उघडताही मॅनेजर आपल्या लॅपटॉपवर दिसतो. आणि एसएसएचला पासवर्डऐवजी की ठेवावी.

रूटचा मोह पोर्ट ८० मुळे होतो, कारण लिनक्समध्ये १०२४ च्या खालचे पोर्ट सामान्य वापरकर्त्याला मिळत नाहीत. त्यासाठी टॉमकॅटला रूट करू नका. ‘टॉमकॅट’ नावाचा वेगळा वापरकर्ता करा, कनेक्टर १२७.०.०.१ ला बांधा आणि पुढे एनजिनएक्स ठेवा. मात्र इथे एक खाच आहे. एनजिनएक्स त्याच मशीनवर असल्याने त्याच्याकडून आलेली प्रत्येक मागणी टॉमकॅटला घरचीच वाटते, आणि न काढलेला व्हॉल्व्हही मग निकामी ठरतो. म्हणून एनजिनएक्समधून फक्त आपल्या ॲपचा मार्ग पुढे सोडावा. मॅनेजर लागतच नसेल तर वेबॲप्समधून त्याचं फोल्डरच काढून टाकावं. शेवटी मोबाइलचं वायफाय बंद करून, सिमच्या डेटावर आधी पत्त्यापुढे ८०८० टाकून पाहा, मग एनजिनएक्सच्या पत्त्यापुढे मॅनेजरचा मार्ग. पहिल्याने काहीच उघडू नये, आणि दुसऱ्याने पासवर्डची चौकटसुद्धा येऊ नये.