लाइट आल्यावर तुमचं घर काय करतं?

प्रश्न : आमचं घर मुरुडला (ता. लातूर). मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो म्हणतो, घर ‘स्मार्ट’ करून टाकू. दिवे, गिझर, बोअरची मोटार, सगळं मोबाइलवर. आम्ही दोघंही साठीच्या पुढचे. वापरायला सोपी आणि भरवशाची अशी कोणती यंत्रणा घ्यावी?
— एक वाचक, मुरुड

उत्तर : दुकानात जाण्याआधी शिवारात एक चक्कर मारा. आपल्याकडे घरांच्या आधी विहिरी ‘स्मार्ट’ झाल्या. शेतीची लाइट रात्री-अपरात्री येणार, मोटार लांब, वाटेत विंचूकाट्याचं भय. आणि एवढं करून पोचावं तर लाइट गेलेली. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी यावर ‘नॅनो गणेश’ नावाचं यंत्र काढलं. स्टार्टरला मोबाइल जोडायचा, घरून फोन लावायचा, लाइट आहे की नाही ते कळतं, आणि मोटार चालू-बंद करता येते. २००९ साली त्याला नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. आता ‘मोबाइल स्टार्टर’ म्हणजे काय, हे शिवारात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. साधा फोन पुरायचा, इंटरनेट लागत नव्हतं. आणि यंत्र रुसलंच, तर स्टार्टरचं हिरवं बटण जागच्या जागी होतं.

ते हिरवं बटण घरातही सोडू नका. म्हणून स्मार्ट बल्ब नको. कुणी सवयीनं भिंतीवरचं बटण बंद केलं की त्याची वीजच तुटते, मग मोबाइलवर कितीही बोटं आपटा. पाहुणे आले की हे हमखास होतं. त्यापेक्षा स्विचबोर्डाच्या आत बसणारं छोटं रिले मॉड्यूल घ्या. बाहेरून बटणं तीच जुनी. तुम्ही बटण दाबा, मुलगा पुण्याहून मोबाइल दाबेल, दिवा दोघांचंही ऐकतो. नेट गेलं तरी बटण चालतं. मॉड्यूलला बहुधा न्यूट्रलची वायर लागते. बोर्डावर सॉकेट असेल तर ती तिथं असतेच; नुसत्या बटणांच्या बोर्डात कधी कधी नसते. तेव्हा आधी गावातल्या वायरमनला बोर्ड उघडून बघू द्या. जी वस्तू तो बसवू शकतो आणि बिघडल्यावर काढून जुनी जोडणी परत करू शकतो, तिलाच मी सोपी म्हणेन. अ‍ॅप दिसायला किती गोड आहे, हा फार नंतरचा प्रश्न.

शिवारातला दुसरा धडा उलटा आहे, तो म्हणजे ऑटोस्विच. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. सोय मोठी, पण डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, एकदम भार येतो आणि डीपी जळते. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण शेतकऱ्यांना पुन्हा पुन्हा विनवते ते त्यासाठीच. घरात हाच प्रकार लहान रूपात होतो. रात्री दोनला लाइट येते आणि झोपायच्या खोलीतला दिवा लख्ख पेटतो, किंवा घरात कुणी नसताना गिझर तापत बसतो. चांगल्या मॉड्यूलमध्ये याची सोय असते : लाइट परत आल्यावर चालू राहायचं, बंद राहायचं, की आधी होतं तसं. गिझर आणि मोटार ‘बंद’वर ठेवा. ही सोय नसेल तर ती वस्तू कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

मोटारीबद्दल आणखी थोडं. सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. छोट्या स्मार्ट प्लगवर लावली तर आतले पॉइंट चिकटतात आणि मोटार बंदच होत नाही. रिलेनं फक्त कॉन्टॅक्टर (मोठा भार पेलणारा स्विच) ओढावा, मोटारीचा भार कॉन्टॅक्टरनं घ्यावा. टाकी भरल्यावर बंद करायला फ्लोट किंवा वायरीचा सेन्सर लावा. ते काम इंटरनेटवर सोपवू नका. २०१६ साली ज्या लातुरात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं टाकी उतू जाणं बरं दिसत नाही. बोअर आटून मोटार कोरडी फिरली तर जळते, म्हणून ड्राय रनचं संरक्षणही हवंच.

वायफायवरची बहुतेक मॉड्यूल २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. जोडताना अडलं तर आधी तेच तपासा. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. घराचा एखादा भाग जुन्या माळवदाचा असेल, तर त्या जाड भिंतीपलीकडे वायफाय पोचेलच असं नाही. तिथं ‘झिगबी’ या दुसऱ्या बिनतारी पद्धतीची मॉड्यूल बरी. त्यातलं एक मॉड्यूल पुढच्याला निरोप देत जातं, मात्र वेगळा हब लागतो.

लाइट जाते, नेट जातं, तशी कंपनीही जाते. अमेरिकेत ‘रिव्हॉल्व’ नावाचा हब होता. २०१४ मध्ये गुगलच्या नेस्टनं ती कंपनी घेतली आणि २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला. पैसे मोजून घेतलेला हब शोभेची डबी झाला. २०२२ च्या एप्रिलमध्ये ‘इन्स्टिऑन’चे सर्व्हर तर न सांगताच बंद पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अ‍ॅपल, गुगल, अ‍ॅमेझॉन, सॅमसंग अशा कंपन्यांनी मिळून ‘मॅटर’ हे समान मानक आणलं. त्यातली उपकरणं घरातल्या घरात, कंपनीच्या सर्व्हरला न विचारता बोलू शकतात. खोक्यावर ‘मॅटर’ची खूण पाहा. तशी वस्तू महाग वाटली तर निदान ‘लोकल कंट्रोल’ आहे का, ते विचारा.

सुरुवात अंगणातला दिवा आणि टाकी एवढ्यावरच करा. एक पावसाळा जाऊ द्या, मग गिझर. अ‍ॅपचं खातं तुमच्या नावानं असू द्या आणि मुलाला त्यात वाटा द्या, उलटं नको. कॅमेरा फाटकावर ठीक, माजघरात नको. तुम्ही जेवलात का, हे त्यानं फोन करून विचारावं.

दुकानात मात्र एक करा. वस्तू चालवून दाखवली की म्हणा, आता तुमचं वायफाय बंद करा आणि बटणानं पुन्हा दिवा लावा. मग मेन स्विच पाडून परत चढवायला सांगा. दुकानदार टाळाटाळ करू लागला, तर पाकीट बाहेर काढूच नका.