जुनी मोटारसायकल आणि नवे पेट्रोल

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याचा दुचाकी वाहनांशी संबंध जुना आहे. १९७२ साली नगर येथील कायनेटिक इंजिनिअरिंगच्या कारखान्यातून लुना ही छोटी मोपेड बाहेर पडू लागली. १९८५ नंतर कमी पेट्रोल पिणाऱ्या चार-स्ट्रोक मोटारसायकली आल्या आणि त्या खेडोपाडी रुजल्या. पाथर्डी, जामखेडच्या मुरमाड वाटांवरून वस्तीवरच्या शाळेत जाणारे शिक्षक, तीन-तीन गावांचा कारभार सांभाळणारे ग्रामसेवक, पहाटे दुधाच्या किटल्या संकलन केंद्रावर पोचविणारे शेतकरी यांच्यापैकी अनेकांची मदार आजही पंधरा-वीस वर्षे जुन्या मोटारसायकलीवर आहे. या गाड्यांत इंधन आणि हवा यांचे मिश्रण करण्याचे काम कार्ब्युरेटर करतो. २०२० नंतरच्या बहुतेक नव्या गाड्यांत त्याची जागा इंधन-फवारणी यंत्रणेने घेतली आहे.

या जुन्या यंत्रणेपुढील नव्या अडचणीचे मूळही काही अंशी याच जिल्ह्याच्या उसात आहे, हा एक योगायोगच म्हणावा लागेल. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे जिल्ह्यात अनेक कारखाने उभे राहिले आणि मळीपासून अल्कोहोल तयार होऊ लागले. देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये दहा टक्के झाले व २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर गेले. ऊस उत्पादकाला याचा लाभ आहे व परकीय चलनही वाचते. परंतु जुनी गाडी बनली तेव्हा असे इंधन कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते.

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला केवळ ९ किलो. कार्ब्युरेटरचे छिद्र मात्र जुन्याच मापाचे असते. त्यामुळे मिश्रणात इंधन कमी व हवा अधिक होते. अशा 'पातळ' मिश्रणाने इंजिन तापते, सकाळी लवकर सुरू होत नाही, चढावर दम तोडते. ज्या दोन-स्ट्रोक गाड्यांत वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळले जाते, त्यांत इंधनाबरोबर वंगणही कमी पडून पिस्टन जाम होण्याचा धोका असतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, अशा जुन्या धर्तीच्या दुचाकींचे इंधन-अंतर वीस टक्के मिश्रणामुळे ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. याहून मोठी घट आढळल्यास दोष इंधनावर ढकलून मोकळे होऊ नये. बहुधा तो धुळीचा आणि दुर्लक्षाचा असतो.

दुरुस्तीस आरंभ टाकीपासून करावा. अनेक ठिकाणी थेट कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरविला जातो आणि मूळ दोष झाकला जातो. इथेनॉल जुन्या टाकीतील गंज व राळ सुटी करते आणि ती घाण खाली वाहत येते; म्हणून टाकी रिकामी करून धुवावी व पेट्रोल कॉकची जाळी साफ करावी. इथेनॉल पाणीही ओढून घेते. पावसाळ्यात झाकणाच्या फटीतून जास्त पाणी शिरल्यास पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते, आणि कॉक तेथूनच इंधन घेतो. जुनी रबरी नळी फुगते किंवा तडकते. ती निःसंशय बदलावी व इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लुओरो रबराची घ्यावी. गळणारी नळी तापलेल्या इंजिनावर असते, हे विसरता कामा नये.

हे काम उघड्या जागी करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून जमिनीलगत पसरते. जवळपास चूल, विडी किंवा ठिणगी नसावी.

कार्ब्युरेटर खोलण्यापूर्वी मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन किती फेरे बसले ते लिहून ठेवावे. ही दोन मिनिटांची नोंद पुढे बरेच श्रम वाचविते. मग रबरी भाग व फ्लोट बाजूला काढून पितळी जेट स्वच्छ करावेत. जेटमध्ये तार घालण्याची सवय फार प्रचलित आहे आणि तितकीच घातक आहे: पितळ मऊ असते, छिद्र किंचित मोठे झाले तरी माप कायमचे बिघडते. क्लीनरमध्ये भिजवून दाबाच्या हवेने फुंकणे हाच मार्ग. गाडी स्लोवर बंद पडत असेल तर बारीक पायलट जेट तुंबलेला असतो. पेट्रोल वाहत असेल तर फ्लोटच्या सुईच्या टोकावर झिजेचे कडे पडले आहे का ते पाहावे. फ्लोट कानाजवळ हलवून आत पेट्रोल खळखळत नाही याचीही खात्री करावी.

त्यानंतर हवेची बाजू. धुळीच्या रस्त्यावर फिल्टरविना गाडी चालविणे म्हणजे सिलिंडरला पॉलिश कागदाने घासण्यासारखे आहे. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, जेथे निर्मात्याने सांगितले आहे तेथे तेल लावून पिळून बसवावा. कागदी फिल्टर धुवू नये, बदलावा. कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील रबरी जोड तडकला असेल तर तेथून न गाळलेली हवा शिरते आणि कितीही ट्यूनिंग केले तरी गाडी स्थिर होत नाही.

सर्व जोडून झाल्यावर इंजिन चांगले गरम करावे व स्क्रू फिरवून वेग सर्वांत अधिक होईल तेथे थांबावे. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर आत फिरविल्याने इंधनाचे प्रमाण वाढते, इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर फिरविल्याने. काही किलोमीटर चालवून प्लग पाहावा. तांबूस-तपकिरी रंग समाधानकारक, काळा काजळीचा म्हणजे इंधन जास्त, पांढुरका म्हणजे कमी. पांढुरका आढळल्यास आणि सुईवर खाचा असल्यास क्लिप एक खाच खाली घेऊन सुई वर उचलावी; तेवढ्याने न भागल्यास पुढच्या मापाचा मुख्य जेट लावावा. प्लगचा रंग सुधारेपर्यंत गाडी जोराने पळवू नये.

उन्हाळ्याच्या सुटीत गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर शेवटच्या दिवशी कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे. कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल उरत नाही, आणि जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी जेटमध्ये राळ धरलेली नसते.