पाखरांना दाणापाणी : करुणेला प्रज्ञेची जोड

२० मार्च ही तारीख आपल्याला महाडच्या चवदार तळ्यामुळे पाठ आहे. १९२७ साली त्या दिवशी बाबासाहेब तळ्याचे पाणी प्याले. जे पाणी पशुपक्ष्यांना खुले होते, ते आपल्या माणसांना बंद होते. २०१० पासून हाच दिवस जागतिक चिमणी दिन म्हणूनही पाळला जातो. त्यामुळे हल्ली जयंतीच्या कार्यक्रमांत हारतुऱ्यांऐवजी पाखरांसाठी मातीचे भांडे भेट देतात.

आमच्या वस्तीतील एका आजींना असेच भांडे ध्यानीमनी नसताना मिळाले. त्यांनी ते दारापुढच्या पत्र्यावर ठेवले. चिमण्या, साळुंक्या येऊ लागल्या. पंधरा दिवसांनी शेजारीण तक्रार घेऊन आली. भांड्यात अळ्या वळवळत होत्या, पत्र्यावर कबुतरांची विष्ठा साचली होती आणि तिच्या मुलाला दमा. आजी म्हणाल्या, "सिस्टर, आता पाखरांना तहानलेलं ठेवू का?"

नाही. पाणी जरूर ठेवावे, पण रीत समजून घ्यावी.

पाणी : भांडे पसरट, दोन बोटे खोल असावे. मधोमध एक दगड ठेवा, म्हणजे लहान पाखराला बसता येते. रोज नळ आला की जुने पाणी कुंडीत ओता आणि भांडे आतून काथ्याने घासा. नुसते पाणी बदलून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पाणी मिळाले की साधारण आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात.

दाणा : बाजरी किंवा तांदळाची कणी, तीही मूठभरच. फरसाण, खारट-तेलकट पदार्थ आणि बुरशी आलेला पाव देऊ नका. संध्याकाळी उरलेला दाणा झाडून घ्या, नाहीतर उंदीर येतात आणि पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो.

कबुतरे : कबुतरांचे थवे जमू लागले तर दाणा बंद करून फक्त पाणी ठेवा. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ रोज श्वासातून गेली, तर काहींच्या फुप्फुसाला सूज येते. कोरडा खोकला येतो, चालताना धाप लागते. वर्षानुवर्षे असे चालले तर फुप्फुस कडक होते आणि पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. २०२५ मध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना बंद झाला, तो आरोग्याच्याच कारणावरून. दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे खिडकी एकच, तिथे हा धोका मोठा. दमेकरी, टीबीतून बरे झालेले आणि म्हातारी माणसे यांनी विशेष जपावे. विष्ठा कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडा, नाकातोंडाला मास्क लावा, मग काढा आणि हात साबणाने धुवा.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासा. तपासणी मोफत आहे. टीबी निघाला नाही आणि धाप तशीच राहिली, तर घराजवळ कबुतरे आहेत हे डॉक्टरांना आपणहून सांगा. त्यांनी विचारलेच असे होत नाही.

कावळ्याला घास घालताना तो पितरांना पोहोचतो असे मानू नका. श्राद्ध आपण बावीस प्रतिज्ञा घेताना सोडले. त्याच प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याचाही शब्द आपण दिला आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाण लागलेला पक्षी सिद्धार्थासमोर पडतो. सिद्धार्थ बाण काढतो, जखम बांधतो, मग पाणी पाजतो. दया आली म्हणून तो नुसता हळहळत बसला नाही, शुश्रूषा नीट केली.

आजींचे भांडे आता रोज घासले जाते. ते काम त्यांनी नातवाकडे दिले आहे. तुमच्या घरीही ते एकाच्या नावावर लावा. सगळ्यांचे काम कोणाचेच नसते.

जय भीम!