दुबळे स्नायू आणि तुंबलेले पोट

पैठणकडील एक आई अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या माझ्या दवाखान्यात आली. मुलाला डुशेन प्रकारची मस्क्युलर डिस्ट्रॉफी. चालणे बंद झालेले. "डॉक्टरसाहेब, पायांचं कळलं. पण चार-चार दिवस पोट साफ होत नाही. घरचे म्हणतात, बसून बसून आळशी झालाय."

मी म्हटले, "बाई, यात त्याचा दोष नाही." या आजारात डिस्ट्रॉफिन नावाचे प्रथिन तयार होत नाही. ते हातापायांप्रमाणेच जठर व आतड्यांच्या स्नायूंनाही लागते. १९८४ साली नोंदलेल्या 'एमडीएक्स' जातीच्या उंदरांतही हे प्रथिन नसते. त्यांच्या आतड्यांची हालचाल बिघडलेली आढळली. स्नायू सैल करणारा नायट्रिक ऑक्साइडचा संदेश तेथे कमी पडतो. बसून राहण्याने त्रास वाढतो, पण मूळ कारण स्नायूंतही आहे.

अशा मुलांना पुरेसे पाणी, भाज्या व फळे द्यावीत, रोज ठरावीक वेळी शौचास बसवावे. रेचक डॉक्टरांना विचारूनच द्यावे. मात्र पोट एकाएकी फुगून उलट्या सुरू झाल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नका. जठर धोकादायकरीत्या ताणले गेलेले असू शकते. ताबडतोब घाटी किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा.