‘शोध’ : एका शब्दाची ओळख

मुलांनो, काही शब्द आपल्या इतक्या परिचयाचे असतात की, त्यांच्याकडे निरखून पाहण्याचे आपणांस सुचतच नाही. ‘शोध’ हा असाच एक शब्द आहे.

हा शब्द ‘शुध्’ या संस्कृत धातूपासून झाला. ‘शुध्’ म्हणजे स्वच्छ होणे. ‘शुद्ध’ व ‘संशोधन’ हे शब्दही त्याच कुळातले. खडे वेचून टाकले म्हणजे निर्मळ धान्य उरते. तसेच चुकीच्या समजुती एकेक करून दूर सारल्या म्हणजे सत्य हाती येते.

या शब्दाची अर्थच्छटा सोबतच्या क्रियापदावरून ठरते. ‘गुराख्याने हरवलेल्या गाईचा शोध घेतला.’ येथे केवळ प्रयत्न आहे. गाय सापडलीच असे नाही. ‘सायंकाळी गाईचा शोध लागला.’ येथे प्रयत्नाचे फळ आहे. ‘बेल यांनी टेलिफोनचा शोध लावला.’ येथे बुद्धीचे कर्तृत्व आहे. टेलिफोन पूर्वी नव्हता. गुरुत्वाकर्षण मात्र न्यूटनच्या आधीही होतेच. तरी त्याच्या नियमाचाही न्यूटनने ‘शोध लावला’ असेच आपण म्हणतो. नवी वस्तू घडविणे आणि सृष्टीतील गूढ उकलणे, या दोहोंसाठी मराठीत हा एकच प्रयोग रूढ आहे.

१९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून ते विचारात पडले. आकाशाच्या प्रतिबिंबामुळे समुद्र निळा दिसतो, असे तेव्हा मानीत. रामन यांना ते पटेना. त्यांनी बोटीवरच पाण्याचे निरीक्षण केले. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असे त्यांना आढळले. पुढे कलकत्त्यास सहकाऱ्यांसह त्यांनी अनेक द्रवांवर प्रयोग केले. अखेर २८ फेब्रुवारी १९२८ रोजी उलगडा झाला : द्रवातून विखुरताना थोड्याशा प्रकाशाचा रंग बदलतो! या शोधाबद्दल त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. २८ फेब्रुवारी हा दिवस आपण ‘राष्ट्रीय विज्ञान दिन’ म्हणून पाळतो.

‘रामन यांनी १९२८ साली शोध लावला,’ हे वाक्य बरोबरच आहे. परंतु ते वाचताना त्यामागची सात वर्षे विसरू नका. त्या वर्षांत रामन शोध घेत होते.

स्वाध्याय

१. ‘शोध घेणे’, ‘शोध लागणे’ व ‘शोध लावणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
२. समुद्राच्या रंगाविषयी रामन यांना कोणती समजूत पटली नाही?
३. ‘शुध्’ धातूपासून झालेले आणखी दोन शब्द शोधून लिहा.