गाइड शोधण्याआधी

चि. मृण्मयीस,


पीएच.डी.ची पेट (प्रवेश परीक्षा) पास झालीस, छान झालं. पण तू पाठवलेली गाइडची यादी बघितली, तर ती नुसत्या नावाजलेल्या माणसांची दिसते. त्यातल्या पहिल्या सरांना निवृत्तीला दोन वर्षं आहेत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार सेवेची तीन वर्षंही उरली नसतील, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. शिवाय प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगीकडे सहा आणि सहायकाकडे चारच विद्यार्थी. तेव्हा आधी जागा आहे का ते विचार.

मग शोधगंगेवर जा आणि त्या गाइडकडे झालेले प्रबंध उघड. जिल्हा बदलला की नवा प्रबंध, असा प्रकार दिसला तर नमस्कार करून पुढं हो. सध्याच्या विद्यार्थ्यांना गाठून एवढंच विचार, की प्रकरण दिलं की ते किती दिवसांनी परत येतं आणि त्यावर काही खुणा असतात का. 'सर फार प्रेमळ आहेत' हे याचं उत्तर नव्हे. मला विचारशील तर मी नीट वाचणाऱ्या तरुण सहायक प्राध्यापकाकडे जाईन.

आणि कुणाकडेही 'सर, विषय द्या' म्हणत जाऊ नकोस. दिलेला विषय सहा वर्षं तुलाच ओढायचा असतो. 'पेशवेकालीन पुण्याचे समाजजीवन' हा काही विषय नाही. त्यात काय शोधायचं तेच कळत नाही. पण तू फोनवर बोलता बोलता कात्रजच्या पाण्याचं काढलंस, तिथं मी कान टवकारले. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पाणी शहरातल्या हौदांत आणलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या हौदांवर कुणाला पाणी भरता येई, कुणाला मज्जाव होता, दुरुस्तीचा पैसा कुणी दिला? आराखडा इथून सुरू कर.

या प्रश्नांची उत्तरं कागदांत आहेत का, हे आधी बघायला हवं. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड चाळ, पण त्यांत राजकारणाचा भरणा जास्त. मग पुणे पुराभिलेखागारात परवानगी काढून कागदांचा एखादा रुमाल सोडून बस. तुझा मोडीचा वर्ग झालाय, पण वर्गातलं वळणदार अक्षर वेगळं आणि घाईत लिहिणाऱ्या कारकुनाचं वेगळं. दिवसभरात किती ओळी लागतात ते मोज आणि त्यावरून आराखड्यातलं वेळापत्रक मांड. बहुतेकजण ते हवेत बांधतात आणि पहिल्याच समितीपुढं अडकतात. कोर्सवर्कचे महिनेही त्यात धर.

वाचलेल्या एका तरी कागदाचा तुझ्या प्रश्नाशी काय संबंध लागतो, ते अर्ध्या पानात लिहून गाइडकडे घेऊन जा. ते वाचून समोरचा माणूस काय विचारतो, याकडे लक्ष ठेव. पानाकडे न बघता नुसती तारीख देणाऱ्याचं नाव यादीतून काढ.

ते अर्धं पान आधी मला पाठव, मराठीतच आणि कच्चं असलं तरी चालेल. इंग्रजी मागून बघू.

तुझी,
आत्या